आजीची बोरमाळ आटवू नकोस, तुटकी साखळी आटव

पत्र

ताई, फेब्रुवारीत माझं लग्न आहे. मी नाशिकला नोकरी करते. घरात सध्या एकच विषय, सोनं. 'दहा तोळे तरी अंगावर हवं, लोक काय म्हणतील' असं आई आणि आत्याचं म्हणणं. बाबा त्यासाठी पीएफ काढायला निघालेत. तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेल्यावर हे मला पटत नाही. त्यात सोन्याच्या खाणींमध्ये पारा वापरतात, नद्या नासतात हे वाचलं आणि नवं सोनं घ्यायची इच्छाच गेली. मी म्हटलं, लॅबमधला हिरा घेऊ, स्वस्त आहे आणि निसर्गालाही त्रास नाही. आई म्हणाली, 'ती काच आहे.' आजीचे दागिने घरात पडून आहेत. पाटल्यांची जोडी, बोरमाळ, ठुशी, एकच उरलेली कुडी आणि तुटलेली साखळी, मिळून सात तोळ्यांच्या आसपास. आजीचं लग्न १९६४ चं. एका दुकानात 'जुन्या सोन्यावर शून्य घट', म्हणजे मोडीत वजनाची कपात नाही, अशी योजना लागली आहे. तिथे सगळं एकदम देऊन नवा सेट घ्यावा, असं आई म्हणते. काय करू?
– म., नाशिक

उत्तर

प्रिय म.,

सगळं एकदम देऊ नकोस. एवढं आधी सांगते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल.

माझे वडील, आमचे दादा, गलाईवाले होते. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी माळावरून माणसं देशभर गेली आणि सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात स्थिरावली, त्यातलेच आम्ही. आमचं दुकान कोइमतूरला होतं. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली आणि कोपऱ्यात भट्टी. जुना दागिना आला की दादा तो मुशीत घालायचे, वरून चिमूटभर टाकणखार टाकायचे. मग त्यात चांदी मिसळून पुन्हा वितळवायचं, पातळ पत्रे करायचे आणि तेजाबात सोडायचे. तेजाब तापलं की तांबूस-पिवळा धूर निघायचा. चांदी त्या पाण्यात विरघळून जायची आणि तळाशी उरायचा एक तपकिरी गाळ, ओल्या तपकिरीसारखा. तो धुऊन पुन्हा मुशीत गेला की पिवळंधमक सोनं होऊन बाहेर यायचा. पाण्यात गेलेली चांदीसुद्धा तांब्याची पट्टी टाकून परत खाली बसवायची. काही म्हणजे काही फुकट जायचं नाही. आपल्याकडच्या सराफ बाजारांत तर रस्त्यावरची धूळ धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी पिढ्यानपिढ्या होते.

पण त्या धुराने दादांना पन्नाशीतच धाप लागायला लागली. हे मुद्दाम सांगते, कारण 'जुनं सोनं पुन्हा वापरलं की कुणालाच त्रास नाही' असंही नाही. दागिन्यामागे कुणाचं तरी शरीर झिजतं. गुजरातेत खंभातला अकीक हा खडा घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस, म्हणजे धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार होतो, तोही त्यातलाच प्रकार. त्रास कमी कुठे होतो आणि जास्त कुठे, एवढंच आपल्याला बघता येतं.

आणि जास्त कुठे होतो, हे तू वाचलंस ते खरं आहे. खाणीतला एक टन दगड फोडला तर त्यातून सोनं निघतं ते काही ग्रॅम. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, पश्चिम आफ्रिकेत, इंडोनेशियात छोट्या खाणींवरची माणसं चुरलेल्या दगडात पारा घालतात. पारा सोन्याला धरतो, मग आच देऊन तो उडवायचा की सोनं हातात. उडालेला पारा माणसांच्या श्वासात जातो, उरलेला पाण्यात आणि पाण्यातून माशांत. माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यांत मोठा वाटा याच कामातून येतो. ज्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने याला आळा घालायचं ठरलं, तो २०१७ मध्ये अमलात आला आणि भारतही त्यात आहे.

पण हे प्रश्न घेऊन तू सराफाच्या पेढीवर गेलीस तर तिथे उत्तर मिळणार नाही. आपल्या देशात सोनं निघतं ते अगदी थोडं. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, रायचूर जिल्ह्यातली हट्टीची चालू आहे. बाकी वर्षाला साधारण ७०० ते ८०० टन सोनं आपण बाहेरून आणतो. वाटेत ते कुठे कुठे वितळतं, दुसऱ्या सोन्यात मिसळतं, आणि एकदा मुशीत गेलेल्या सोन्याला गाव राहत नाही. आपल्या गल्लीतला सराफ कितीही सचोटीचा असला तरी त्याला खाणीचं नाव सांगता येणार नाही.

म्हणून मला तुझ्या आजीचा डबा महत्त्वाचा वाटतो. भारतातल्या घराघरांत मिळून सुमारे २५ हजार टन सोनं असावं, असा जागतिक सुवर्ण परिषदेचा अंदाज आहे. त्यातलं सात तोळे तुझ्या कपाटात आहे. त्याच्यासाठी नवी खाण खणायला नको. मात्र ते उघड्या डोळ्यांनी वापरायला हवं.

आता १९६४ बद्दल. १९६३ च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. हजारो सोनारांच्या हातचं काम गेलं. पुढे काही वर्षांत ती अट उठली, पण आजीचं लग्न नेमकं त्या काळातलं आहे. तिच्या दागिन्यांतले काही त्याआधीचे, तिच्या सासरचे किंवा आईकडचे असतील, ते २२ कॅरेटच्या जवळ जातील. काही लग्नासाठी नवे केलेले असतील, ते १४ कॅरेटचेही निघू शकतात. आजी असेल तर तिलाच विचार, कोणता दागिना कुणी घातला. आणि ती काहीही म्हणाली, तरी टंच काढल्याशिवाय, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासल्याशिवाय, एकही दागिना मोडीत देऊ नको.

टंच कुठे काढायचा? दुकानात नको. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, मान्यता असलेल्या परख आणि हॉलमार्किंग केंद्रावर ग्राहक स्वतः आपला दागिना घेऊन जाऊ शकतो. नाशिकला अशी केंद्रं आहेत, यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर मिळते. शुल्क किरकोळ आहे आणि लेखी अहवाल हातात येतो. दुकानातलं कॅरेट मीटर दागिन्याचा फक्त वरचा थर वाचतं. आत काय आहे, जुन्या डाकात, म्हणजे सांधे जोडायच्या धातूत, किती हीण गेलंय, ते त्याला दिसत नाही. आपल्या जुन्या घडणीत जागोजागी डाक दिलेला असतो, त्यामुळे २२ कॅरेट म्हणून घेतलेली पाटलीही वितळवल्यावर थोडी कमी भरते. ते फसवणुकीचं लक्षण नव्हे. मात्र ती किती कमी भरते हे तुला आधी ठाऊक असलं पाहिजे.

हे मी स्वतः केलं नाही, म्हणून कळकळीने सांगते आहे. २००९ मध्ये मुलीच्या हारासाठी मी माझ्या लग्नातले गोठ मोडले. पेढीवरच्या माणसाने ते वजन केले, 'आत जाऊन गाळून आणतो' म्हणाला आणि गेला. परत आला तेव्हा हातात एक गोळा होता, आणि वजन माझ्या समजुतीपेक्षा जवळजवळ दोन ग्रॅम कमी. गलाईवाल्याची मुलगी मी. डोळ्यांसमोर गाळा, एवढं म्हणायला मला हरकत नव्हती. पण दुकान ओळखीचं, समोर चहा आलेला, आणि मागणं अविश्वासाचं दिसेल असं वाटलं. तू तो संकोच धरू नकोस. चांगला सराफ समोर गाळून दाखवतो, नंतर वजन करून कागद देतो, आणि त्याला त्यात अपमान वाटत नाही.

आता डब्यातला एकेक दागिना घेऊ.

तुटलेली साखळी खुशाल आटव. यंत्रावरची साखळी असेल तर तिच्यात जपण्यासारखं काही नाही. सोनं तेवढं खरं.

बोरमाळ मात्र आटवू नकोस. जुन्या बोरमाळेचे मणी बहुधा पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली. वजनकाट्यावर ती भारी दिसते, पण मुशीत गेली की लाख जळून जाते आणि उरतं ते चिमूटभर. तसा पत्रा ठोकून, मणी जोडून, लाख भरून देणारा कारागीर आता शोधावा लागतो. आजच्या दुकानातली यंत्रावर केलेली बोरमाळ तिच्या शेजारी ठेवून बघ, तुलाच दिसेल. ठुशीचंही तेच. दोन्हींचे दोरे जुने झाले असतील, पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घे. खर्च काही शेकड्यांचा आणि दागिना पुढची तीस वर्षं गळ्यात. त्याआधी रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धू, पण बोरमाळ पाण्यात भिजत घालू नको, लाखेला ते सोसत नाही. पॉलिशला घाईने देऊ नको. दर पॉलिशला सोनं झिजतं आणि जुन्या सोन्याचा तो मंद रंगही जातो.

पाटल्या भरीव असतील तर त्यांचा टंच बघ आणि मग ठरव. हातात बसत असतील तर जशा आहेत तशा घाल. घट्ट होत असतील तर मोठ्या करता येतात, त्यासाठी मोडायची गरज नसते. कुडीची जोडी एखाद्या हाताने घडवणाऱ्या सोनाराकडून लावून घे. मोती बदलावे लागले तर गोड्या पाण्यात वाढवलेले साधे मोती घे. 'बसरा आहेत', म्हणजे समुद्रातले जुने नैसर्गिक मोती, म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर प्रयोगशाळेचा दाखला माग.

म्हणजे मोडीत जाते ती साखळी आणि फार तर पाटल्या. आता त्या 'शून्य घट' योजनेकडे वळू. दुकान जुन्या सोन्यावर घट धरत नाही, तेव्हा ते पैसे दुसरीकडून काढतं. बहुतेक वेळा घडणावळीतून, म्हणजे दागिना घडवण्याच्या मजुरीतून. हिशेब सोपा व्हावा म्हणून ग्रॅमला १०,००० रुपये भाव धर. २० ग्रॅमच्या बांगड्यांचं सोनं २,००,००० रुपयांचं. घडणावळ १८ टक्के लावली तर ३६,०००. वर ३ टक्के जीएसटी, ७,०८०. बिल २,४३,०८० रुपयांचं. त्याच बांगड्या दुसऱ्या दिवशी मोडायला गेलीस तर फार तर सोन्याचे दोन लाख मिळतील. ४३ हजार रुपये दुकानाची पायरी उतरेपर्यंत संपलेले असतात. साध्या घडणीच्या बांगड्यांना घडणावळ याच्या निम्मीही असू शकते, नक्षीच्या आणि 'अँटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यांना यापेक्षा जास्त. म्हणून दुकानात शिरल्यावर भावाआधी घडणावळ विचार. भाव सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच असतो, घासाघीस घडणावळीत होते.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. आपलंच सोनं देऊन दागिना घडवून घ्यायचा. तेव्हा सोनं तुझंच असतं, त्यामुळे कर फक्त घडणावळीवर, ५ टक्के. १० टक्के घडणावळ धरली तर त्याच बांगड्यांना २०,००० अधिक १,०००. मात्र काम नोंदणीकृत सराफाकडेच दे, म्हणजे तयार दागिन्यावर हॉलमार्क करून मिळेल. ग्राहकाला परस्पर केंद्रावर जाऊन दागिना तपासता येतो, हॉलमार्क मारून घेता येत नाही. सोनं देताना वजन आणि टंच लिहिलेली पावती घे.

थोडं नवं सोनं घ्यावंच लागलं, तर काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघ. दागिन्यावर तीन खुणा हव्यात. बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो आकडा दुकानातच 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घाल. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता तिथे दिसते. ॲप म्हणालं 'अंगठी' आणि हातात कानातलं असेल, तर तो दागिना खाली ठेव. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तू आणि कुंदन, पोलकी, जडावाचं काम या सक्तीत येत नाही, तिथे जास्त जपून. हॉलमार्कचा दागिना कमी शुद्ध निघाला तर कमी पडलेल्या सोन्याच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. पण त्यासाठी पक्कं बिल हवं. 'कच्च्या बिलावर जीएसटी वाचेल' म्हणणाऱ्याचं ऐकलंस तर तो हक्कही गेला.

बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घे. खडे, मोती, लाख, मीना यांचं वजन सोन्याच्या भावात गेलं तर त्याच्याइतकं महाग दुसरं काही नाही. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांचंसुद्धा.

आणि कुणी अभिमानाने 'हे केडीएम आहे' म्हणालं तर ते कौतुकाने ऐकू नको. केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाक. त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसाचा घात करतो, म्हणूनच तो हॉलमार्कच्या दागिन्यांत चालत नाही. तुला दागिन्यामागच्या माणसांची काळजी आहे, तर दुकानात विचारण्यासारखा हा खरा प्रश्न आहे. डाक कशाचा वापरता, कारागीर कुठे बसतात, धूर बाहेर जायची सोय आहे का? झवेरी बाजाराच्या गाळ्यांत बंगालहून आलेली मुलं जिथे काम करतात तिथेच झोपतात. ग्राहकांनी विचारायला सुरुवात केली की मालक ऐकतात, हे मी दादांच्या दुकानात पाहिलं आहे.

आता तुझा आणि आईचा हिऱ्याचा वाद. आईला सांग, ती काच नाही. लॅबमधला हिराही कार्बनचाच, तितकाच कठीण, आणि दुकानातल्या साध्या पेन टेस्टरला दोघांतला फरक कळत नाही. आणि तूही ऐक. 'निसर्गाला त्रास नाही' हे अर्धंच खरं. खाण वाचते, पण तो हिरा वाढवायला यंत्रं आठवडेच्या आठवडे प्रचंड तापमानावर चालतात. ती वीज कोळशाची की सूर्याची, यावर सगळं आलं. विक्रेता तोंडी 'ग्रीन' म्हणाला तर वीज कुठली, हे लेखी माग. दुसरं, या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरले आहेत आणि परत घेताना फारच थोडे पैसे मिळतात. घालायला आवडतो म्हणून छोटीशी अंगठी घ्यायची असेल तर आनंदाने घे, आयजीआयसारख्या रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घेऊन, आणि तिच्या सोन्यालाही हॉलमार्क बघून. अडीअडचणीला कामी येईल या हिशेबाने घेऊ नको. खाणीतल्या हिऱ्यालाही परत विकताना मोठा फटका बसतो, तेव्हा आईनेही त्या बाजूने फार ताणू नये.

राहता राहिले दहा तोळे आणि बाबांचा पीएफ. तुझ्या पत्रात सासरचं कुणी मागणी केल्याचं नाही, म्हणून आई-आत्याच्या हौसेपुरतंच बोलते. मागणी असेल तर तो हुंडा आहे, आणि मग मला वेगळं पत्र लिही. हौसेसाठी पीएफ मोडायला मात्र माझा ठाम विरोध आहे. ते बाबांच्या म्हातारपणाचे पैसे आहेत. त्यातले लाखभर रुपये घडणावळ आणि करात जाणार असतील, तर आईलाही ते पटेल. तिच्यासमोर वरचा हिशेब कागदावर मांड, नुसतं 'मला नको' म्हणू नकोस. मंगळसूत्र नवं कर, साखळीचं सोनं त्यात घाल. गळ्यात ठुशी आणि बोरमाळ, हातात पाटल्या आणि हिरवा चुडा. मांडवात आत्याच्या मैत्रिणी बोरमाळ हातात घेऊन बघतील, हे मी आत्ताच सांगते. रिसेप्शनला काही भारी हवंच असेल तर हुपरीच्या चांदीवर सोन्याचं पाणी दिलेलं घे. चांदीला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून ९२५ ची खूण आणि बिल मागून घे.

या रविवारी आईला घेऊन डबा उघड. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढ, वजन लिही, आजी असेल तर तिला आठवतं ते शेजारी लिही. सोमवारी टंच काढायला जा. आणि बोरमाळ पटवेकऱ्याकडे द्यायच्या आधी तिचे मणी मोजून ठेव.

– तुझी ताई